फाटकावरचा चौकोन

वेलिच्का घर विकतेय हे कळलं तेव्हा मी बरेच दिवस तिच्याशी धड बोललेच नाही. जन्मभराची शेजारीण उठून जाणार म्हटल्यावर कुणाला गोड वाटेल? पण तिचे गुडघे पार गेले होते, आणि झोपायची खोली जिना चढून वर. मुलगी रुम्याना प्लोवदिव शहरात राहते, तळमजल्यावर. "गुडघ्यांपुढे हरले गं, त्सोन्का," ती मला म्हणाली. हरले हा शब्द तिच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.

नाहीतर ती कसली हरतेय. आमच्या गावातला रस्ता तिच्या घरापुढे वाकडा जातो ना, तो काही आखणाऱ्याच्या चुकीनं नाही. रस्ता करायला आलेली माणसं तिचा अक्रोड तोडणार होती. ही बाई स्टूल घेऊन झाडाखाली मटार सोलत बसली. माणसं कंटाळली, पण हिचे मटार काही संपेनात. शेवटी रस्ताच वाकला.

घर तिनं आणि गेंचोनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातांनी बांधलेलं. दिवसभर ही कारखान्यात टोमॅटो डब्यांत भरायची आणि संध्याकाळी त्याला चुना कालवून द्यायची. तीन वर्षांपूर्वी गेंचो गेला. तेव्हापासून फाटकावर त्याचा कागद आहे, फोटो, नाव, वय आणि मागे कोण कोण राहिलं ते. माणूस गेलेल्या प्रत्येक घराच्या दारावर आमच्याकडे तसा असतो. वर्षदिन आला की नवा चिकटवायचा. जुना वाऱ्यापावसानं नेला तर नेला, माणसानं त्याला हात लावायचा नाही.

तर यंदा प्लमची झाडं फुलली आणि वेलिच्का कामाला लागली. गालिचे धुतले, भिंतींना आणि झाडांच्या बुंध्यांना चुना दिला, द्राक्षाचा मांडव छाटला. शेवटी फाटक काढलं रंगवायला. उरलेसुरले रंग एकत्र ओतून तिनं एक हिरवा बनवला, आणि सगळं फाटक रंगवलं. गेंचोच्या कागदाच्या कडेकडेनं ब्रश असा फिरवला की त्याच्यावर एक थेंब उडाला नाही.

घरं विकून देणारी बाई शहरातून आली, सगळं पाहून खूश झाली. "काकू, घर अगदी नव्यासारखं दिसतंय. फक्त तो कागद काढून टाका. आल्या आल्या लोकांना मेलेला माणूस दिसायला नको."

"मेलेला माणूस नाही तो," वेलिच्का म्हणाली. "घरमालक आहे."

"पण घेणाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकते हो."

"मग ती पाल तुम्ही सांभाळा. फाटक माझं आहे."

बाईनं रुम्यानाला फोन लावला. शनिवारी रुम्याना आली आणि मायलेकींची जुंपली. मला कुंपणाआडून सगळं ऐकू येत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी ऐकतही होते.

"आई, बाबा काय त्या कागदात बसलेत?"

"नाहीत ना? मग तुला काढायची एवढी घाई का?"

दुसऱ्या दिवशी घर बघायला माणसं यायची होती. सकाळी वेलिच्का मागे कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि रुम्याना ओलं फडकं नि सुरी घेऊन फाटकाशी आली.

"रुम्याना, हात लावू नकोस," मी म्हटलं.

"त्सोन्कामावशी, तुम्ही मध्ये पडू नका. घर विकलं नाही तर हिचे गुडघे तुम्ही सांभाळणार आहात का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचा चेहरा सुरीनं खरवडत होती ती. आणि रडत होती, हेही सांगायला हवं. कागद निघाला तसा ताज्या हिरव्यात जुन्या निळ्या रंगाचा, गंजलेला चौकोन उघडा पडला. तो कशानं झाकावा म्हणून तिनं रंगाचा डबा शोधला, तो सापडेना. एवढ्यात गाडी येऊन थांबली.

वेलिच्का आली. तिनं चौकोन पाहिला, लेकीच्या हातातलं फडकं पाहिलं. चौकोनाला पाठ लावून उभी राहिली, पाहुण्यांच्या समोर.

"काकू, जरा बाजूला होता का?" घरं विकणारी म्हणाली.

"थांबा. इथं एक कागद होता, तो आज नाही. म्हणून तोंडी सांगते." आणि तिनं पाठ म्हटलं. "गेंचो दोब्रेव, गवंडी, वय एकाहत्तर. समोरच्या खोलीत गेला, माझ्या मांडीवर. त्याला न विसरणारी बायको वेलिच्का आणि लेक रुम्याना."

स्वतःचं नाव आलं तसा रुम्यानाचा बांध फुटला. फडकं कुठं लपवावं ते तिला कळेना.

"आता या आत," वेलिच्का म्हणाली. "चालत नसेल तर पुढे अक्रोडापाशी गाडी वळवायला जागा आहे."

पाहुण्यांतली बायको जाऊन गाडीत बसली. नवऱ्यानं मात्र टोपी काढली. "जिनाही त्यांनीच केला?" त्यानं विचारलं, आणि आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही, तेव्हा बायकोही उतरून गेली. गुलाब फुलायच्या आत व्यवहार झाला.

नवा कागद वेलिच्कानं छापून घेतला, पण इथं लावला नाही. दुसऱ्याच्या फाटकावर माझा माणूस नको, म्हणाली. तो प्लोवदिवच्या दारावर लागला, आणि चिकटवला रुम्यानानं.

निघायच्या दिवशी तिनं किल्ल्या दिल्या, विहिरीची खोड समजावली. नव्या मालकानं सहज विचारलं, "आजी, फाटकाचा हिरवा उरलाय का थोडा? तो चौकोन भरून टाकतो."

"नाही उरला," वेलिच्का म्हणाली.

ती लेकीच्या गाडीत बसली तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला अर्धा भरलेला डबा तिच्या मांडीवर होता. रुम्यानानं तो पाहिला, आईकडे पाहिलं, आणि गाडी सुरू केली.

त्या माणसानं आतापर्यंत दोन हिरवे आणून पाहिले. एकही जुळत नाही. रोज सकाळी पाव आणायला जाताना मी बघते. गेंचोचा चौकोन लांबून ओळखू येतो.