मी बघतो, तू झोप

पहाटे फोन वाजला आणि दिलीपचा आवाज आला, "लाईट आली. मोटर चालू केली. मी बघतो, तू झोप." मी कूस बदलली. थोड्या वेळानं त्याच्या धाकट्या भावाचा, रमेशचा फोन. दिलीपच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी त्याच्यावरच डाफरलो, "काहीतरी बरळू नको. आत्ता बोलला तो माझ्याशी." ...बोलला होता तो डबा.

कळवणला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, दिलीपचा मळा तिथून जवळच. शेतीची लाईट येणार पहाटे, तीही तिच्या मर्जीनं. मग अंधारात विहिरीवर जाऊन मोटर लावायची, आणि वाटेवर बिबट्याचा वावर. एकदा त्याच्या बायकोला, मंगलवहिनींना, तो बांधावरच दिसला आणि दिलीपच्या डोक्यात किडा शिरला. नाशिकहून सुटे भाग आणायचा, मोबाईलवर बघून बघून प्रोग्रॅम लिहायचा, माझ्या दुकानात सोल्डरिंग करत बसायचा. माझे दोन रिले जाळले पठ्ठ्यानं. शेवटी जेवणाच्या जुन्या डब्यात सगळं बसवलं. लाईट आली की डबा मोटर लावायचा आणि वहिनींना फोन करायचा, दिलीपच्याच आवाजात. चाचणीसाठी टाकलेला माझा नंबर तसाच राहिला. त्या रेकॉर्डिंगमध्ये मागं कोंबडा आरवतो. तो आम्ही त्याच आठवड्यात खाल्ला. "हा बघ, मेला तरी आरवतोय," म्हणून दिलीप किती हसला होता... ते हसणं मला आता नको वाटतं.

तेराव्यानंतर रमेश दुकानात आला. फोन आला की वहिनी "आले हं" म्हणतात आणि उठून एकट्या विहिरीवर जातात, कुणाचं ऐकत नाहीत. "भाऊ, त्या डब्याचा आवाज काढून टाका. नायतर वहिनी बी जाईल एक दिवस," तो म्हणाला. मला पटलं. मी दिलीपचा आवाज काढला, साधी पिपाणी टाकली.

चार-आठ दिवसांत वहिनी स्वतः आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊजी, मशीन हाय ते मला कळतं. पण ते बोलत नाय म्हणून मी आता लाईटच्या आधीच जाऊन बसते तिथं. वाट बघत."

त्याच दुपारी मी आवाज परत घातला. एकच अट घातली, विहिरीवरून घरी पोचलात की मला मिस कॉल द्यायचा.

आता रोज पहाटे दिलीपचा फोन येतो, कोंबडा आरवतो. मी उठून बसतो. बायको म्हणते, झोपा हो. कशी झोप लागणार? मिस कॉल येईपर्यंत फोन हातातून सुटत नाही. कधी कधी यायला उशीर होतो... मग मी अंधारात त्यालाच म्हणतो, बघ रे बाबा, तू बघतो म्हणाला होतास.