‘उदास वाटतं का?’ विचारत फिरताना

दारोदार फिरून प्रश्न विचारायची नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. गवतातून चालल्यावर साडीला कुसळं चिकटतात, तसे. काही झटकता येतात, काही टोचत राहतात.

आमचं काम थोडक्यात असं: नववीतल्या मुलांना गाठायचं, मन कसं आहे ते विचारायचं, आणि ती पंचविशीला पोचेपर्यंत अधूनमधून परत जाऊन तेच विचारायचं. झोप लागते का, उदास वाटतं का, कुणाशी बोलावंसं वाटतं का. संशोधन पुण्याच्या मॅडमचं. सिंधुदुर्गात फिरायला मी आणि परब गुरुजी. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले. स्कूटर त्यांची, मागे मी. मुलांची नावं सांगणार नाही, तसा नियमच आहे.

* * *

सुरुवातीला ट्रेनिंग झालं. मॅडम सांगत होत्या, “मूल गप्प गप्प राहायला लागलं, खेळायला जाईना, कशालाच नाही म्हणेना, तर ती धोक्याची खूण समजा.”

सगळे लिहून घेत होते. गुरुजींचं पेन थांबलं होतं.

“काय झालं, गुरुजी?”

“मॅडम, अशा मुलांना आम्ही आदर्श विद्यार्थी म्हणून बक्षीस द्यायचो!”

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. चहाच्या सुट्टीत ते त्या मुलांची नावं आठवत बसले. त्यातल्या एकाचं पुढे काय झालं, हे तेव्हापासून ते भेटेल त्या जुन्या विद्यार्थ्याला विचारतात. अजून कुणाला ठाऊक नाही.

* * *

प्रश्न पुण्यात तयार झालेले. “जगणं निरर्थक वाटतं का?” वेंगुर्ल्याच्या जेटीवर जाळं सोडवत बसलेल्या एका मुलाला मी हे जसंच्या तसं वाचून दाखवलं. एकांतात विचारायचं असतं, पण जेटीवर एकांत कुठला!

“निरर्थक म्हणजे?”

गुरुजी मदतीला आले. “सगळा फुकट असा वाटता काय रे?”

“मासळी गावली नाय तर वाटता.”

“आणि गावली तर?”

“मगे दर गावणा नाय!”

शेजारचे खलाशी खो खो हसले. मी मॅडमना फोन लावला. त्या गोंधळल्या. “मग उत्तर हो धरायचं की नाही?”

“बांगड्याचा भाव विचारून सांगतो, मॅडम!” गुरुजी म्हणाले.

निघताना तो मुलगा स्कूटरपर्यंत आमच्यामागे आला. “असा कोणी कधी इचारल्यान नाय,” म्हणाला. पुढे काहीतरी सांगणार होता, तेवढ्यात बोटीवरून हाक आली आणि तो पळाला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो गुजरातकडच्या बोटीवर गेला होता. त्याचा नंबर लागत नाही.

* * *

जामसंड्यात एका मुलीशी एकटीशी बोलायचं म्हणून तिच्या आईला आत पाठवलं.

“रडू येतं का गं?” मी विचारलं.

मुलगी तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज: “नाय म्हणान सांग गो!”

“झोप लागते?”

“लागता! उठवचा लागता तिका!”

शेवटी मुलगीच मला म्हणाली, “तुमी आयचीच उत्तरां लिवा.” घरी पोचेपर्यंत आम्ही हसत होतो.

काही वर्षांनी त्याच घरी गेलो. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेलेली. आई एकटीच पडवीत बसली होती.

“फोन करता. जेवलंय म्हणता आणि ठेवता,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “बाय, तुझे ते प्रश्न माका शिकव. कसा इचारूचा असता ता?”

मी शिकवले. ती शाळेतल्या मुलीसारखी माझ्यामागून म्हणत होती. “रडाक येता काय गो?” इथपर्यंत आली, आणि पुढचं तिला म्हणता येईना.

* * *

आतल्या एका गावात, काजूच्या बागेतलं घर. तिथल्या मुलीने दहावीत असताना सगळं खरं सांगितलं होतं. फार वाईट चाललं होतं तिचं. आम्ही मॅडमना कळवलं, समुपदेशकांचा पत्ता दिला. तो पत्ता तालुक्याच्या पार पलीकडचा. एसटी बदलून जायचं, आणि घरी काय सांगून निघायचं?

पुढच्या खेपेला मी विचारलं, “गेली होतीस का?”

“तुमी न्हेलात काय?”

गुरुजी चाचरले. “आमका न्हेवचो नियम नाय गो.”

“आणि इचारूचो आसा?”

त्या दिवशी गुरुजी फोनवर मॅडमशी तावातावाने भांडले. मॅडमनी ऐकूनही घेतलं. समुपदेशक त्या गावच्या शाळेत यायला लागले. तोवर मुलगी लग्न होऊन गेली होती.

* * *

इन्सुलीला हायवेवर एकाचं चहा-वड्याचं हॉटेल आहे, मागे घर. त्याचा मुलगा आमच्या नववीच्या बॅचमधला सगळ्यात हसरा. पुढे इंजिनिअरिंगला गेला एवढं माहीत होतं. आम्ही भेटायला गेलो तर वडिलांनी घरात बसवलं, वडे मागवले.

“झील बेंगळूरूक आसा. मोठी कंपनी! लॅपटॉप दिल्यानी, जेवाणखाण सगळा थयच.”

“फोनवर बोललो तरी चालेल,” मी म्हटलं.

“कामात असता. उचलूचो नाय.”

आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि आत पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मुलाची आई पदराचं टोक पिळत त्या दाराकडे बघत होती. गुरुजींनी मला डोळ्यांनीच खुणावलं. आम्ही उठलो.

तेवढ्यात दार उघडलं. दाढी वाढलेली, टी-शर्ट चुरगळलेला. उजेडाने त्याचे डोळे बारीक झाले होते.

“बाबा, मी हयच आसंय.”

वडील खाली बघत राहिले. मग उठले, आपली खुर्ची ओढून त्याच्यापाशी नेली आणि त्याला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं. हात तसाच ठेवून आमच्याकडे वळले. जणू आम्ही आत्ताच आलो होतो.

“ह्यो माझो झील,” ते म्हणाले.