आमना बुरूज

नंदुरबार स्टेशनात सुरतेची गाडी लागली तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला. आबा मात्र माझ्या ट्रंकेवर बसून राहिले, जणू ते उठले नाहीत तर गाडी सुटणारच नव्हती. शेवटी उठले आणि एवढंच म्हणाले, "जठे जाशी तठे आपलं गावनं नाव सांगजो."

मी कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे ठाणं उलगडणारा माणूस. फाळणीनंतर नंदुरबारात आलेल्या सिंधी शेठजींकडे नोकरीला होतो. त्यांच्या भावाची पेढी स्पेनच्या एका बेटावर होती, तिथे भरवशाचं कोणी हवं होतं. मी गेलो. मागाहून बायको आली, तान्ह्या हिराला कडेवर घेऊन.

गाव एवढंसं, आपल्या प्रकाशा गावाएवढंही नसेल, पण तोरा विचारू नका. समुद्राकडे तोंड करून एक दगडी बुरूज, चाचे लांबून दिसावेत म्हणून बांधलेला. चौकात चर्च, ते म्हणे वादळातून वाचलेल्या खलाशांनी उभारलं. त्याच्यापुढे दगडी हौद. शेतांत आधी ऊस होता, मग द्राक्षांची दारू, मग निवडुंगावरच्या किड्यांपासून लाल रंग, आणि आता केळी. हे सगळं तिथलं शेंबडं पोरसुद्धा घडाघडा सांगायचं. ऊस आणि केळी तापीकाठच्या माणसाला काय शिकवता? त्यांची केळी तरी केवढी, बोटाएवढी! मी असं बोललो की बायको म्हणायची, "तुम्ही जळी ऱ्हायनात." जळत होतोच.

हिरा शाळेत जायला लागली तेव्हा खरी आग लागली. एक दिवस धावत आली आणि म्हणाली, "बापू, तुम्ही आमना बुरूज देखा का?"

घरात आमची अहिराणीच. आमना म्हणजे आमचा. आपला नव्हे. त्या ‘आमना’त हिरा होती, तिच्या बाई होत्या, अख्खं गाव होतं, फक्त मी नव्हतो. तिथल्या लोकांच्या भाषेत आमचं आणि आपलं याला एकच शब्द, त्यांना ही भानगडच नाही. आपल्या भाषेत पोरगी एका शब्दात बापाला बाहेर काढते.

लोक माणसांचा हेवा करतात, मी बुरुजाचा केला. त्याच्याकडे पाठ करून चालायचो. जेवताना हिराला नंदुरबार सांगायचो: मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्या, नजर पोचेल तिथवर लाल जमीन, तापीचा काठ. ती ऐकायची आणि विचारायची, ते कोणी बांधलं? आता तापी कोण बांधणार? मग तीच माझी समजूत घालायची, "तुमनं गाव चांगलं शे." तुमनं!

हिरा दहा-अकरा वर्षांची झाली तेव्हा तिला घेऊन गावी आलो. साठचं दशक अर्धं सरलं होतं, आबाही राहिले नव्हते. मनात एकच होतं, या मातीवर उभी करून तिच्या तोंडून ‘आपलं’ काढायचंच. थोरला भाऊ, दादा, टांगा घेऊन स्टेशनात आला होता. रस्ताभर बोट दाखवत होता. "हाई आमनी नवी टाकी. ती आमनी शाळा." सहज बोलत होता, मनात काही नव्हतं. मी टाकीकडे बघत राहिलो. ती बांधली तेव्हा मी नव्हतो, तिचं पाणी प्यालो नव्हतो. खरंच त्यांचीच होती ती. मला दादाचा हेवा वाटला, टाकीचा वाटला, टांग्याच्या घोड्याचासुद्धा वाटला. तो इथेच म्हातारा होणार होता.

पुढे मिरचीची पथारी लागली. हिराला ठसका लागला आणि मलाही. दादा हसला, म्हणाला, सवय सुटली तुझी. डोळे पुसत हिराने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "टाकी काकानी. मंग बापू, आपलं काय शे?"

मागे राहिलेल्यांनो, तुमच्याजवळ टाकी आहे. माझ्यासारखं गेलेल्यांनो, तुमच्या पोरांना एखादा बुरूज मिळाला असेल. हिराच्या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही. पण विचारताना ‘आपलं’ म्हणून तिने मला आत घेतलं होतं. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं की मला तेच आठवतं, आणि त्या दिवसापासून मी कोणावर जळलेलो नाही.