नऊ सेकंदांचा रस्ता

सेकंदकाकांना राग यायला वेळ लागत नसे, जायला मात्र फार लागे. त्या रस्त्यावरचा राग तर गेलाच नाही, आणि जाऊ नयेच असं माझंही मत आहे.

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मुख्य रस्त्यावर, वळणापासून थोडं पुढे. खाली दुकान, वर घर. चाळीस वर्षं हा माणूस एका डोळ्याला भिंग लावून दातेरी चाकांत डोकं खुपसून बसला होता. घड्याळ दुरुस्त झालं की ते कानाशी धरायचं, समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघायचं आणि ओठातल्या ओठात सेकंद मोजायचे, ही त्यांची पद्धत. हळूहळू ते मोजणं तोंडाला असं चिकटलं की दूध उतू जायला किती लागलं, पाहुणे दारात किती वेळ रेंगाळले, सगळं मोजलं जायचं. गावानं त्यांचं खरं नाव कधीच बाजूला ठेवून दिलं होतं. थट्टा करणारेही घड्याळ बिघडलं की मुकाट त्यांच्याकडेच येत.

काकूंनी या मोजणीखाली उभा संसार केला. “साडेसहा मिनिटं उशीर,” असं नवऱ्यानं म्हणायचं आणि काकूंनी “मग माझ्या पगारातून कापा,” म्हणून आत निघून जायचं, हे त्यांच्या घरात रोजचं होतं.

काकूंची थोरली बहीण रस्त्याच्या पलीकडे राहायची. दुकानाच्या अगदी समोर, हिरव्या दाराच्या घरात. सगळे तिला ताई म्हणत, काकाही. यजमान गेले, मुलं लांब, आणि गेल्या काही वर्षांत ताईची नजरही गेली. रोज चारच्या ठोक्याला काकू वर्तमानपत्र घेऊन पलीकडे जायच्या आणि तिला वाचून दाखवायच्या. ताईला आधी निधनवार्ता लागायच्या, मग उरलेलं जग. ओळखीचं कोणी सापडलं की दोघी त्या माणसाची सगळी कुंडली मांडून बसत, भांडत, हसत. तो तास म्हणजे ताईचा दिवस होता. बाकीचे तेवीस तास नुसते जायचे.

आणि मग गावाचा विकास झाला. रस्ता रुंद झाला, झाडं गेली, पदपथ इतका अरुंद झाला की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं खाली उतरावं. डांबर असं गुळगुळीत की गाडीवाल्यांच्या पायांना ब्रेक सापडेचना. वळणावरून गाड्या सुसाट सुटायच्या. उद्घाटनाला फीत कापली, भाषणं झाली, एकमेकांच्या पाठी थोपटून झाल्या. चाकांची एवढी सोय करणाऱ्या त्या शहाण्यांना माणसाला पायही असतात, आणि त्याला कधीतरी पलीकडे जायचं असतं, हे सुचलंच नाही. पांढऱ्या पट्ट्या नाहीत, वेगाची पाटी नाही. काकूंचे गुडघे आधीच कुरकुरत होते. आता त्या जीव मुठीत धरून जायच्या.

काकांनी नगरपालिकेत अर्ज दिला. तो हरवला. दुसरा दिला, तो ‘संबंधित विभागाकडे’ गेला आणि त्या विभागातून आजवर कोणी परत आलेलं नाही. तिसऱ्या खेपेला रस्ते विभागाचे साहेब स्वतः आले. तरुण, सभ्य, हातात मोजपट्टीचं चाक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काका, तुमचं म्हणणं पटतंय हो, पण वर पाठवायला आकडे लागतात. आकडे आहेत का?”

आकडे! आणि ते कोणाकडे मागितले तर सेकंदकाकांकडे!

काकांना स्फुरण चढलं. आठवडाभर त्यांनी गिऱ्हाइकांना “नंतर या” सांगून परत पाठवलं आणि स्टॉपवॉच घेऊन दारात उभे राहिले. वळणापासून दुकान शंभर मीटर. गाड्या ताशी साठनं येतात, म्हणजे वळणावर दिसलेली गाडी सहा सेकंदांत अंगावर. वेग तीसवर आणला तर बारा सेकंद मिळतात. राहिलं माणसाचं मोजायचं. त्यासाठी एका रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, त्यांनी काकूंना या कडेला उभं केलं.

“हं, चल.”

काकू गेल्या. काकांनी घड्याळ दाबलं. नऊ सेकंद.

“शाब्बास!” काका पलीकडे बघून ओरडले. काकू हिरव्या दाराला टेकून धापा टाकत होत्या, पण काकांची नजर तोवर पुन्हा घड्याळावर गेली होती. काकांनी वहीत नऊ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि स्वच्छ अक्षरात अर्ज केला: वेग तीस करावा, दुकानासमोर पट्ट्या आखाव्यात.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. ते काकांनी इतक्यांदा वाचून दाखवलं की मला तोंडपाठ आहे: “अर्जदारानेच सादर केलेल्या मोजणीनुसार रस्ता ओलांडण्यास नऊ सेकंद लागतात. ताशी चाळीस वेगाने येणाऱ्या वाहनास सदर अंतर कापण्यास नऊ सेकंद लागतात. सबब चाळीसची मर्यादा पुरेशी आहे. पट्ट्यांची आवश्यकता दिसून येत नाही.”

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊला नऊ! दोन दातेरी चाकांमध्येसुद्धा केसाएवढी फट सोडावी लागते, नाहीतर घड्याळ अडकून बसतं, आणि हे दीडशहाणे माणसाला फट सोडत नाहीत! माणूस ठेचकाळला तर? हातातली पिशवी पडली तर? पण बोलणार काय? आकडा त्यांचा, अक्षर त्यांचं, खाली सही त्यांची. चाळीस वर्षांत ज्या अचूकपणाचा त्यांनी तोरा मिरवला, तोच कोणीतरी त्यांच्या तोंडावर फेकून मारला होता.

चाळीसची पाटी लागली, तीही विजेच्या खांबामागे. गाड्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या.

पंधरवड्यानंतरची गोष्ट. काका एका जुन्या मनगटी घड्याळात कमानीची बारीक स्प्रिंग बसवत होते. चार वाजले आणि त्यांनी सहज मान वर केली. काकू रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. आपल्याला कोणी बघतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. दोन्ही बाजूंना बघून त्यांनी पाऊल टाकलं, आणि काकांचे ओठ सवयीनं हलू लागले. तीन. चार. पाचला वळणावर एक पांढरी गाडी दिसली, आणि काकू अजून अलीकडच्या अर्ध्यातच होत्या. त्या चालत नव्हत्या, एकेक पाय उचलून पुढे ठेवत होत्या. नऊ झाले तेव्हा पलीकडची कड बरीच दूर होती आणि गाडी अंगावर येत होती. दहा. अकरा. गाडीनं कर्कश भोंगा वाजवला, वाकडी होऊन काकूंच्या पुढून गेली आणि खिडकीतून आवाज आला, “म्हातारे, घरात मरायला काय झालं होतं?” काकू तिथंच थिजल्या. मग पुन्हा पाय उचलू लागल्या. कडेला पोचल्या तेव्हा गाडीसाठी थांबलेला वेळ वजा करूनही काकांच्या तोंडात चौदा होते.

काका धावत रस्त्यात आले, पण गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. कोणाच्या अंगावर ओरडायचं तेच कळेना, म्हणून ते संध्याकाळी काकूंवरच ओरडले.

“चौदा! आणि मला दाखवलेस नऊ! फसवलंस मला?”

“फसवलं नाही हो.” काकू गुडघ्याला तेल चोळत होत्या. “तुम्ही घड्याळ घेऊन उभे होतात. तुमच्या घड्याळापुढे मी कधी हळू चालले का?”

काकांनी तेलाची वाटी त्यांच्याजवळ सरकवली.

काकू म्हणाल्या, “मी जाणं बंद करते. फोनवरून वाचून दाखवेन ताईला.”

“फोनवर तिला नीट ऐकू येतं का?”

“नाही येत,” काकू म्हणाल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्यांना फुटलं. पंचवीस पावलांवर सख्खी बहीण, आणि ती परदेशी गेल्यासारखी झाली होती. हे कोणी केलं? दैवानं नव्हे. टेबलाशी बसून केलं, सही-शिक्क्यानिशी.

मंगळवारी नगरपालिकेत तक्रारींची वेळ असे. काका काकूंना घेऊन गेले. सभेचं दालन लांबलचक होतं. काकांनी आदल्या दिवशीच जाऊन पावलांनी मोजलं होतं: दारापासून अध्यक्षांच्या टेबलापर्यंत चाळीस फूट, रस्त्याएवढंच. टेबलामागे हसतमुख अध्यक्ष, शेजारी रस्त्यांचे साहेब, भिंतीकडेला दहापंधरा तक्रारदार.

“या या काका! पाटी लागली ना तुमची?” अध्यक्ष म्हणाले.

“लागली. आज काही बोलायचं नाहीये. ही दारापासून तुमच्या टेबलापर्यंत चालत येणार आहे, तेवढं बघा.” काकांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं, काकूंकडे एकदा पाहिलं आणि ते साहेबांच्या हातात दिलं. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “आता हळू चाल गं. जशी चालतेस तशी.”

काकू निघाल्या. कोणीतरी हसलं, मग हसू थांबलं. चपलांचा घासटता आवाज तेवढा येत होता. साहेब घड्याळाकडे बघत होते, काका भिंतीकडे तोंड करून ओठांनी मोजत होते.

“थांब,” काका म्हणाले.

“नऊ,” साहेब जवळजवळ त्याच वेळी बोलले, आणि त्यांचा चेहरा उतरला. काकू थांबल्या. टेबल अजून पंधरा फूट लांब होतं.

“तुमची चाळीसची गाडी आता आली,” काका वळून म्हणाले.

“पण काका, अर्जात तुम्हीच नऊ...”

“चुकलं!” काकांचा आवाज दालनभर घुमला. “माझं चुकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा वेळ चुकीची सांगितली, आणि ती हिच्या जिवाची. ती माझ्यासमोर धावली आणि मला कळलं नाही. मी घड्याळाकडे बघत होतो, हिच्याकडे नाही. पण तुम्ही? तुम्ही तर तेही केलं नाहीत. दोन आकडे सारखे दिसले आणि सही ठोकलीत. चौदा लिहा. वेग पंचवीस लिहा. पट्ट्या लिहा.”

साहेबांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष पुन्हा हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “बघू, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. काकू, तुम्ही उभ्या कशाला? अहो, कोणीतरी खुर्ची द्या. बसा ना.”

शिपायानं खुर्ची आणली. काकूंनी ती हातानं बाजूला सारली.

“बसू कुठं?” त्या म्हणाल्या. “मी रस्त्याच्या मध्ये उभी आहे.”

अध्यक्षांचं हसू गेलं. त्यांनी साहेबांकडे न बघताच मान हलवली, आणि साहेब लिहू लागले. ते लिहून संपेपर्यंत काकू तिथंच उभ्या राहिल्या.