सभागृहात वाचलेलं माझं वाक्य

मशीनच्या तेलाचा वास आला की मला आमच्या अधारताल भागाच्या आमदारांचा व्हरांडा आठवतो. आयटीआयमधून लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचं, काम शिकून मला दोन वर्षं झाली होती, पण मुलगी म्हणून एकही कारखाना मला शिकाऊ म्हणूनसुद्धा घेत नव्हता. शेवटी मी आमदारांकडे जायचं ठरवलं. ते विरोधी पक्षाचे, त्यामुळे सरकारी फॅक्टरीत काम करणारे बाबा घाबरले. "त्यांच्याकडे काहून चालली? सरकार तर त्यांचं नाही!" तरी मी गेले, लेथवर स्वतः घडवलेला एक बोल्ट तेलकट कागदात गुंडाळून. आमदारांनी तो उलटसुलट फिरवून पाहिला, बोटं धोतराला पुसली आणि म्हणाले, "बेटी, नौकरी देना मेरे हाथ में नहीं. सवाल पूछना मेरे हाथ में है. लिख के दो." मी तिथेच बसून अर्ज लिहिला आणि शेवटी रागाने एक वाक्य टाकलं, की हात मुलाचा आहे का मुलीचा, हे मशीन विचारत नाही. काही महिन्यांनी टपालाने विधानसभेतल्या त्यांच्या भाषणाची प्रत आली. माझं वाक्य वाचून त्यांनी विचारलं होतं, सरकारकडून स्वस्तात जमीन घेणारे कारखाने इथल्या शिकलेल्या मुलींना दारातूनच परत का पाठवतात? मंत्र्यांनी लक्ष घालायचं कबूल केलं, आणि दिवाळीनंतर एका कारखान्याने मला चाचणीला बोलावलं. बाबा रजा टाकून फाटकापर्यंत आले. "चलो, घाबरू नको," म्हणाले, आणि मी आत गेले तरी फाटकातच उभे राहिले. त्याच कारखान्यातून मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या खात्यात लेथवर मुलींची अख्खी रांग होती. आमदार मात्र शेवटपर्यंत विरोधी बाकांवरच बसले.