सात दिवसांचा लॉग

दवाखान्याच्या सर्व्हर-खोलीत संगणक सांभाळत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला, जुन्या फाइली झाडून काढतो म्हणून, सगळे ‘झाडूवाले काका’ म्हणत. कोणती नोंद कोणत्या संगणकावरून बदलली, हे टिपणाऱ्या लॉग फाइलींनी डिस्क भरली की डेटाबेस ठप्प होई. म्हणून सात दिवसांपेक्षा जुना लॉग आपोआप पुसला जावा, असं सेटिंग काकांनीच केलं होतं. त्यानंतर डिस्क कधी भरली नाही, याचा त्यांना अभिमान होता.

मग चुकीच्या डोसमुळे एक रुग्ण दगावला. डोसचा आकडा एका नर्सच्या लॉगिनमधून बदललेला निघाला. चौकशी लागली तेव्हा आकडा बदलल्याला दहावा दिवस होता.

“काका, मी नव्हते हो ती,” ती नर्स सर्व्हर-खोलीच्या दारातूनच म्हणाली. “तुमच्याकडे तर कोण शिंकलं तेही उमटतं म्हणतात. दाखवा ना त्यांना.”

काका म्हणाले, “पोरी, तो लॉग पुसला गेलाय. माझ्याच सेटिंगनं.”

चौकशीतही त्यांनी हेच सांगितलं. चौकशी करणारे साहेब म्हणाले, “मग हिला सोडायचं कशाच्या जोरावर?”

संध्याकाळी काकांनी सेटिंगमध्ये सात दिवसांचे नव्वद केले. तेवढ्यात लेखी हुकूम आला, नर्सचं लॉगिन बंद करा. तेही काम काकांचंच होतं.