एकोणीसच उतरले

मनोऱ्याच्या दारात बसणाऱ्या मावशींना सगळे शंकामावशी म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. पहाऱ्यासाठी बांधलेला तो जुना मनोरा, दोनशे बारा पायऱ्यांचा. जिना इतका चिंचोळा की समोरून कुणी आलं तर भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागे. म्हणून एका वेळी वीसच पर्यटक वर सोडायचे, ते सगळे उतरले की पुढचे वीस. मोजायचं काम मावशींचं. चौदा वर्षं त्या एकाच स्टुलावर बसून मोजत होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे, हा वर जाऊन भिंतीवर नाव कोरणार, याच नजरेनं बघत होत्या. कुणाचा हात खिशात दिसला की त्यांना खिळा दिसे. घरीही तीच तऱ्हा. सून दार लोटून फोनवर बोलू लागली की मावशींचे कान दाराशी.

त्या दुपारी वीस जण वर गेले आणि एकोणीसच उतरले.

"एक वर राहिलाय," त्या तिकीट खिडकीत डोकावून म्हणाल्या.

तिकीटवाल्याचा घास हातातच राहिला. "मावशी, एक जास्त मोजला असेल तुम्ही. ऊन काय कमी आहे?"

"चौदा वर्षांत चुकले नाही ती आज चुकेन? राखाडी टोपीवाला म्हातारा. टोपी पार कानांपर्यंत ओढलेली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

"अहो, वर गेल्यावर लोक टोपी काढतात."

"टोपी काढतात. पण आख्खा माणूस काढून ठेवत नाहीत!"

मावशींनी दाराला साखळी लावली, रांगेतल्यांची कुरकुर कानाआड केली आणि जिना चढू लागल्या. गुडघ्यांमुळे सहा वर्षांत त्या वर गेल्या नव्हत्या. दर वळणावर दम खात, 'सापडू दे मेला, रंगेहाथ धरते,' असं पुटपुटत त्या अर्ध्याच्या वर पोचल्या. तिथे भिंतीत पहारेकऱ्याच्या बैठकीचा कोनाडा होता. म्हातारा त्यात अंग चोरून बसला होता. टोपी मांडीवर, दोन्ही हातांनी दगडाची कड घट्ट धरलेली.

"काय चाललंय इथं? हात दाखवा!"

"हात सोडवत नाही हो," तो म्हणाला. "चढताना काही वाटलं नाही. उतरायला वळलो तर खाली नुसती विहीर. पाऊलच उचलेना."

"मग घरच्यांना हाक मारायची!"

"मीच म्हटलं त्यांना, व्हा पुढं, येतो. नातीसमोर रडू का आता?"

मावशींनी त्याच्या मागची भिंत वाकून वाकून तपासली. ताजा ओरखडा एकही नव्हता. तरी खात्रीसाठी त्यांनी टोपीही उलटी करून पाहिली. मग त्या त्याच्या दोन पायऱ्या खाली बसल्या. "माझ्यासारखं बसत बसत उतरा. माझ्या पाठीकडेच बघा, खाली नाही."

अर्धा तास लागला. दारात म्हाताऱ्याचा मुलगा उभा होता. बाबा सावकाश उतरून येतील असं समजून तो बाकीच्यांना घेऊन चौकातलं कारंजं बघून आला होता. वडिलांना बाकावर बसवताना त्यानं त्यांचं मनगट पाहिलं, मग मावशींकडे.

"घड्याळ कुठंय? वर तुम्ही दोघंच होतात ना?"

प्रकरण साहेबांच्या खोलीत गेलं. मावशींची पिशवी टेबलावर रिकामी झाली. चष्म्याचं घर, गोळ्यांचं अर्धं पाकीट, बसचा पास, सेफ्टी पिनांचा झुबका. कुणी विचारलं नसताना त्या सांगू लागल्या, कोनाडा कुठं होता, आपण कुठं बसलो, हात कुठं होते. जितकं सांगावं तितकं ते त्यांनाच खोटं वाटू लागलं. साहेबांनी पिशवीचं अस्तरही चाचपलं.

एवढ्यात पाणी पिऊन सावरलेला म्हातारा तिकीटवाल्याचा हात धरून आत आला. "अरे, घड्याळ मी आज घातलंच नाही. पट्टा टोचतो."

मुलानं हॉटेलात फोन लावला. घड्याळ बेसिनच्या कडेवर होतं.

"सॉरी मावशी," तो म्हणाला. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

मावशी एकेक वस्तू पिशवीत भरत होत्या. "तसंच म्हणायचं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुमच्या जागी मी असते, तर मीही तेच म्हटलं असतं."

घरी उशीर का झाला ते सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण सुनेनं चहा पुढं ठेवला आणि सगळं भडाभडा बाहेर आलं.

"तुमच्यावर आळ?" सून उसळली. "जीभ तरी कशी रेटली त्यांची!"

मावशींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ही मनातून हसत तर नाही ना? बराच वेळ पाहिलं. पण सून हसत नव्हती. गॅसवर तेल कोमट करत ती विचारत होती, "आई, कुठला गुडघा जास्त दुखतोय?"